बुधवारी सकाळी कोण येतं

चार माणसं कुठेही जमली की पाथर्डीकर काका आधी डोकी मोजतात. बसस्टॉप असो, डॉक्टरांची वेटिंग रूम असो, नाहीतर आमचा हॉल. उजव्या हाताची तर्जनी पोटाशी धरून, कुणाला दिसू नये अशा बेतानं ती हलवत ते ओठांतल्या ओठांत आकडे म्हणतात. अर्थात सगळ्यांना दिसतं. आकडा सातावर पोचला की चेहरा उजळतो आणि ते जाहीर करतात, "सात झाले. आता आपण कायदेशीर."

जर्मनीत फेराइन, म्हणजे नोंदलेलं मंडळ, काढायला निदान सात माणसं लागतात. एवढी साधी गोष्ट. पण काकांना ती जगाच्या रचनेतली एक महत्त्वाची गोष्ट वाटते. माझ्या मुलीच्या, सानिकाच्या, सातव्या वाढदिवसाला आठ पोरं जमली होती. मी स्वयंपाकघरात केकशी झटापट करत होते. बाहेर येऊन बघते तर काकांनी पोरांना गोल बसवून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायला लावले होते. सानिका निवडणुकीत पडली आणि रडली. काका म्हणाले, "रडू नकोस, विरोधी पक्ष लागतोच." ते तिला मराठीतून समजावत होते, ती त्यांना जर्मनमधून दूषणं देत होती, आणि दोघांनाही दोघांचं सगळं कळत होतं.

आम्ही लुडविग्सहाफेनला येऊन नऊ वर्षं झाली. नवरा आणि मी, दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, रोज ट्रॅमनं नदी ओलांडून मानहाइमला जातो. काका मूळचे नगरचे. रसायनशास्त्र शिकून इथल्या कारखान्यात लागले, रंगांच्या विभागातून निवृत्त झाले आणि मधल्या काळात रेनाटे नावाच्या एका उंच, मोठ्यानं हसणाऱ्या शिक्षिकेशी लग्न करून बसले. मूलबाळ नाही. पाथर्डीकर हे नाव उच्चारताना चाळीस वर्षं जर्मन लोकांची जी तारांबळ उडते ती काका शांतपणे बघत राहतात, मदत करत नाहीत.

माझी त्यांची पहिली ओळख फोनवर झाली. मराठी मंडळाचे सचिव म्हणून त्यांनी नव्यानं आलेल्या आम्हाला फोन केला आणि म्हणाले, "रविवारी मी आणि आमची मंडळी तुमच्याकडे चहाला येतोय." मी नवऱ्याला म्हटलं, मंडळी येतायत. किती, ते विचारायचं राहिलं. नव्या गावात पहिल्यांदाच कुणी येणार म्हणून मी दहा जणांचे पोहे केले, शेजारणीकडून खुर्च्या आणल्या, कप कमी पडले म्हणून जॅमच्या बरण्या धुऊन ठेवल्या. रविवारी चारच्या ठोक्याला दारात काका आणि त्यांच्या मागे एक गोरी बाई. मी जिन्यात डोकावून बघत राहिले. काका म्हणाले, "कोणाची वाट बघतेस? ही काय, आमची मंडळी."

बायकोला 'मंडळी' म्हणणारा माणूस मी तोवर प्रत्यक्षात पाहिला नव्हता. नगर सोडताना काका जी मराठी बॅगेत भरून घेऊन आले ती त्यांनी चाळीस वर्षं तशीच घडी घालून ठेवली होती. रेनाटेकाकूंना प्रकार कळला तेव्हा त्या खुर्चीचा हात धरून हसल्या आणि आठ जणांचे उरलेले पोहे डब्यात भरून घरी घेऊन गेल्या. डबा परत आला तो प्लमच्या केकनं भरून.

सचिव म्हणून काका भयंकर. बैठकीचा वृत्तांत, ज्याला इथे प्रोटोकोल म्हणतात, तो ते हातानं लिहितात आणि त्यात हजेरीचे तीन रकाने पाडतात. पहिला हजर असलेल्यांचा. दुसरा 'एंटशुल्डिग्ट', म्हणजे जे आले नाहीत पण आधी कळवून माफी मिळवलेले. तिसरा 'उनएंटशुल्डिग्ट', म्हणजे न कळवता दांडी मारणारे, बिनमाफीचे. ह्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातली रेघ काकांनी कधी कुणासाठी पुसली नाही. सानिकाचा जन्म झाला त्या संध्याकाळी मंडळाची बैठक होती. मी हॉस्पिटलात कळा देत होते आणि इकडे काकांनी मला तिसऱ्या रकान्यात घातलं.

"अहो काका, मी लेबर रूममध्ये होते," मी नंतर भांडले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "म्हणजे कारण होतं. कारण होतं तर कळवायचं. नवऱ्याचे हात मोकळे होते ना?"

दुसऱ्या दिवशी रेनाटेकाकू हॉस्पिटलात आल्या होत्या. पिवळी लोकरीची टोपी घेऊन. त्यांनी मला सांगितलं की प्रत्येक प्रोटोकोल लिहून झाला की काका तो त्यांना जर्मनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि आठवड्याभरात त्यांना एवढी करमणूक दुसरी मिळत नाही. "काल तुला उनएंटशुल्डिग्ट केलंय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, निदान बाळाला तरी माफ कर."

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये रेनाटेकाकू गेल्या. आठ महिन्यांचं आजारपण, मग संपलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांनी विद्यापीठात नाव घातलं. इथे निवृत्त लोकांना मागच्या बाकांवर बसून व्याख्यानं ऐकता येतात. आम्हाला बरं वाटलं. माणूस घराबाहेर तरी पडेल. काका रसायनशास्त्र नाहीतर बागकाम शिकतील असं आम्ही धरून चाललो होतो. काकांनी विषय निवडला तो रोमन साम्राज्यातली मंडळं आणि सुरुवातीचे ख्रिस्ती समुदाय.

तेव्हापासून आमची सुटका नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शहरांमध्ये सुतारांची, लोकर विणणाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, अमक्यातमक्या देवाच्या भक्तांची मंडळं होती, हे आता लुडविग्सहाफेनमधल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. त्यांना अध्यक्ष होते, वर्गणी होती, महिन्याकाठी जेवण होतं, एखादा पैसेवाला आश्रयदाता होता ज्याचं नाव दगडावर कोरायचं. जेवणात कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं तर दंड. हे ऐकल्यावर आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात खुर्च्यांवर ओढण्या टाकून जागा धरणाऱ्या बायकांकडे काकांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. मला मंडळाची अध्यक्ष केलं (कुणीच तयार नव्हतं म्हणून) तेव्हा काकांनी बातमी आणली की काही मंडळांत सणाच्या दिवशी अध्यक्ष पांढरे कपडे घालून मिरवायचा. "तू गणपतीला पांढरी साडी नेस. हे दोन हजार वर्षांपूर्वी ठरलंय." समितीतल्या लोकांना दोन दोन मोदक मिळतात ह्यावर मी एकदा आक्षेप घेतला, तर म्हणाले की तिथेही पदाधिकाऱ्यांना दुप्पट वाटा असे आणि तिथेही लोक कुरकुरत.

पण काकांचं खरं दुखणं पुढे होतं. त्याच शहरांत, त्याच गल्ल्यांत ख्रिस्ती लोकांचे छोटे छोटे गट होते. तेही कुणाच्या तरी घरी जमत, एकत्र जेवत. बाहेरच्यांना वाटायचं, हे आणखी एक मंडळ. "आपल्या मंडळाला शेजारचे लोक योगाचा क्लास समजतात ना, तसं," काका म्हणत. नगरला त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती मास्तरीणबाई होत्या. त्यांच्याकडे चर्चमधल्या लोकांना मिळून 'मंडळी' म्हणत. तेव्हा काकांनी प्रश्न मराठीत असा बसवला: "ते मंडळ, ही मंडळी. फरक एका वेलांटीचा. मग सुतारांची मंडळं गेली कुठे, आणि ही मंडळी टिकली कशी? त्या वेलांटीत काय होतं?"

ह्यावर आम्ही काय बोलणार? आमच्यातल्या निम्म्या लोकांना व्हिसाची मुदत कधी संपते तेही आठवत नाही.

प्राध्यापकांनाही काकांनी सोडलं नाही. त्यांनी सत्राच्या शेवटी कारणं सांगितली म्हणे. ख्रिस्ती गटांत गुलाम आणि बायकाही एका पंगतीला येत, एका गावचा गट दुसऱ्या गावच्या गटाला पत्रं पाठवी, आजाऱ्यांची शुश्रूषा होई, गरिबाला नीट मूठमाती मिळे. आणि हेही सांगितलं की ह्यातलं बरंच काही त्या दुसऱ्या मंडळांतही होतं, त्यामुळे विद्वानांचं एकमत नाही. काकांनी मागच्या बाकावरून हात वर केला आणि विचारलं, "हेर प्रोफेसर, ते सगळं बरोबर. पण बुधवारी सकाळी कोण आलं?"

प्राध्यापकांना प्रश्न कळला नाही. वर्गातल्या विशीतल्या पोरांनाही कळला नाही. काकांनी तो दुसऱ्यांदा विचारला नाही आणि वही मिटली.

हा किस्सा त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितला आणि आम्ही खूप हसलो. मग 'बुधवारी सकाळी' ही आमच्यात म्हणच पडून गेली. मंडळाचा उपाध्यक्ष अमेय, वय तेहतीस, बोलणं वेगात, तो दिवाळीनंतर फुशारकीनं म्हणाला, "काका, दोनशे लोक आले." काका म्हणाले, "आल्झो, म्हणजे शनिवारी संध्याकाळी, जेवण असताना. बुधवारी सकाळी कोण येतं?" अमेयनं माझ्याकडे बघून डोळा मारला. पुढे पुढे काका तोंड उघडायच्या आत अमेयच ते वाक्य म्हणू लागला.

आणि मग कलम चौदा. मंडळाच्या घटनेत तेरा कलमं आहेत. काकांनी चौदावं लिहून आणलं: सभासदाच्या घरी कुणी गेलं तर अंत्यविधीला मंडळाच्या सभासदांनी हजर राहायचं, जमत नसेल तर आधी कळवायचं. काकांना आयुष्यात एवढी एकच गोष्ट पाहिजे असल्यासारखे ते त्याच्या मागे लागले होते. गेल्या वर्षीच्या सभेत त्यांनी ते मांडलं तेव्हा लोकांनी चुळबुळ केली. अमेय म्हणाला, "काका, आपलं मंडळ गणपती आणि दिवाळीचं आहे. हे कलम वाचून नवीन लोक पळून जातील." कुणीतरी म्हणालं, आपण सगळे तरुण आहोत. काकांनी चष्म्यावरून सभेकडे पाहिलं, ते वाक्य प्रोटोकोलमध्ये जसंच्या तसं लिहिलं, आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. ह्या वर्षी मी अध्यक्ष झाले, पुन्हा तोच कागद माझ्या हातात आला आणि मीही म्हटलं, बघू. मला तो म्हाताऱ्या माणसाचा एक छंद वाटला. त्या रोमन दगडांवरच्या नियमांतून उचललेला.

सप्टेंबरमध्ये कोर्टाच्या नोंदणी खात्यानं मंडळाचे जुने प्रोटोकोल मागितले. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. ते कुबडीवर उड्या मारत चहा करायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडले, "कपाटात हिरवी फाइल."

कपाटात हिरव्या फाइली दोन होत्या. मी हाताला लागली ती उघडली. आत एकच कागद, काकांच्या त्या खिळे ठोकल्यासारख्या अक्षरात, जर्मनमध्ये. वर लिहिलं होतं: प्रोटोकोल. दफनभूमी. बुधवार, सकाळी साडेदहा. विषय: रेनाटे.

पहिला रकाना, हजर. त्यात कारखान्यातले दोन जुने सहकारी, खालच्या मजल्यावरचे शेजारी, पाद्री, आणि मग बायकांची अकरा नावं. रेनाटेकाकूंच्या चर्चमधला बायकांचा गट, दर गुरुवारी कॉफीला जमणारा. काकांनी तिथे पुढे कंसात लिहिलं होतं की फ्राउ ब्योम, वय सत्त्याऐंशी, दोन बस बदलून आल्या. केक त्यांनीच आणला.

त्याखाली मराठी मंडळ. पहिला रकाना रिकामा.

त्या बुधवारी सकाळी साडेदहाला मी कुठे होते ते मला लगेच आठवलं. ऑफिसात. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्या दिवशी जायची होती. दफन किती वाजता आहे ते काकांनी ग्रुपवर लिहिलं होतं आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. सगळ्यांनीच पाठवलं होतं, एकाखाली एक. प्रत्येकाला वाटलं असणार की बाकीचे जातायत. त्याच शनिवारी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो, आणि मग फराळ झाला. पिवळ्या टोपीची आठवण मला त्या दोन मिनिटांत आली होती, एवढं खरं. पण गेले नव्हते. मला त्या कपाटासमोर इतकी लाज वाटली की फाइल मिटून ठेवायचंही सुचेना.

मंडळाची सगळी नावं त्यांनी ओळीनं लिहिली होती. माझं पाचवं. अमेयचं नववं. तिसरा रकाना, उनएंटशुल्डिग्ट, पूर्ण कोरा होता. दुसऱ्यात, प्रत्येक नावापुढे, एकही न गाळता, लिहिलं होतं: एंटशुल्डिग्ट. एंटशुल्डिग्ट. एंटशुल्डिग्ट.

काका दारात उभे होते. एका हातात कुबडी, दुसऱ्यात एकच कप. दोन आणता येत नाहीत म्हणून.

"ती नाही," ते म्हणाले. "दुसरी हिरवी."

"काका, मी कळवलं नव्हतं."

"नव्हतंस."

"कोणीच कळवलं नव्हतं. आणि तुम्ही तर लेबर रूममधल्या बाईलासुद्धा..."

त्यांनी कप टेबलावर ठेवला, अर्धा चहा बशीत सांडला. खुर्चीत बसायला त्यांना बराच वेळ लागला.

"आल्झो," ते म्हणाले, "मी प्रोटोकोल कोणाला वाचून दाखवायचो? तिलाच ना. हाही दाखवायचा होता. दुपारी सगळे गेल्यावर मी तिकडे परत गेलो, वाचायला. चाळीस वर्षं मी तिला सांगत आलो, आमची माणसं अशी आहेत, आमच्यात असं असतं, दुःखात लोक घर भरून टाकतात. तिनं त्यांच्यासाठी किती मोदक वळले. आता आमच्या मंडळीला मी काय वाचून दाखवणार होतो? उनएंटशुल्डिग्ट?"

काका खिडकीतून कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत होते.

"त्या बायकांकडे घटना नाही," ते म्हणाले. "हजेरी घेत नाहीत. मी त्यांच्या धर्माचा नाही, तरी गुरुवारी माझ्यासाठी कप मांडतात. मी फ्राउ ब्योमना विचारलं, तुम्ही का आलात? त्या म्हणाल्या, रेनाटे होती ना. बस. हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, कुठेतरी लिहिलेलं असेल. म्हणून त्या प्राध्यापकाकडे गेलो."

"मी कलम चौदा मांडते," मी म्हणाले. "मी स्वतः मांडते."

"मांड. पण सभा मार्चमध्ये. तोवर कोणी मरू नका, असं ग्रुपवर टाक."

मी ग्रुपवर वेगळंच टाकलं. ऑक्टोबरमध्ये, काकूंना जाऊन दोन वर्षं होत होती त्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी साडेदहाला, दफनभूमीच्या दारात. कारण लिहिलं नाही, आग्रह केला नाही. चौतीस अंगठे आले. मी अर्धा दिवस रजा टाकली, नवऱ्यालाही टाकायला लावली, सानिकाला शाळेची सुट्टी होती. काकांना फक्त एवढं सांगितलं की आम्ही त्यांना न्यायला येतोय.

दारात कोणी नव्हतं. चौतीस अंगठ्यांतला एकही नाही. मी काकांकडे बघायचं टाळलं. आत गेलो तर काकूंच्या थडग्यापाशी फ्राउ ब्योम घडीच्या स्टुलावर आधीच बसलेल्या, मांडीवर केकचा डबा. आम्ही फुलं ठेवली. पाच-दहा मिनिटं गेली असतील, आणि झाडांमधून पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन अमेय जवळजवळ पळत आला. दोन मीटिंगांच्या मधून. तो काकांसमोर उभा राहिला, त्याला ते नेहमीचं वाक्य सुचलं असावं, पण तो म्हणाला नाही. त्यानं वाकून काकांना नमस्कार केला. नगर-पुण्याच्या पद्धतीनं, बॅगेसकट.

मग मला दिसलं, काकांची तर्जनी पोटाशी गेली होती आणि हलत होती. सानिकालाही दिसलं. तिनं त्यांच्याआधी मोजून टाकलं.

"झेक्स," ती म्हणाली. "आइनर फेल्ट." सहाच आहेत, एक कमी पडतोय.

"नाही गं," काका म्हणाले. त्यांनी बोट सावकाश दगडाकडे नेलं. "आमची मंडळी धरून सात."

मग त्यांनी कुबडी माझ्या हातात दिली, खिशातून वही काढली आणि वर तारीख घातली.